जुन्या कॅम्परचा भाव: पाणी कुठे मुरतंय ते आधी बघा

जुन्या गाड्यांच्या संकेतस्थळावर पुणे निवडून ‘कॅम्पर’ (आत राहायची-झोपायची सोय केलेली गाडी) शोधलं, तर निम्म्या जाहिराती बोलेरो कॅम्पर पिकअपच्या निघतात आणि एखादी वीस लिटरच्या पाण्याच्या जारची. मग उरतात त्या खऱ्या: ट्रॅव्हलर किंवा विंगरवर बांधलेल्या, ईकोत बसवलेल्या फोल्डिंग बेडच्या, मुंबईहून आलेल्या जुन्या व्हॅनिटी व्हॅन आणि क्वचित एखादा ओढायचा ट्रेलर. संख्या इतकी थोडी, की ‘बाजारभाव’ म्हणावा असा आकडा तयारच होत नाही. अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलरचे भाव कंपनी, मॉडेल आणि वर्षानुसार जे. डी. पॉवरच्या यादीत (पूर्वीची नाडा) बघता येतात. तिथले व्हिडिओ बघून तोच घसारा इथल्या गाडीला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या पत्रिकेवर आपलं लग्न ठरवणं. इथे प्रत्येक गाडीचा भाव वेगळा काढावा लागतो.

तो तीन गोष्टींतून बनतो: आरसीवर काय लिहिलंय, खालची गाडी काय किमतीची आहे आणि आतल्या कामात किती जीव उरलाय. क्रम हाच ठेवायचा. विकणारा नेमका उलटा चालतो. आधी गादी आणि रंगीत दिवे दाखवतो, मग इंजिन सुरू करतो आणि आरसीचा फोटो ‘पाठवतो नंतर’ म्हणतो.

आरसीचा रकाना

आरसीवर वाहनाचा वर्ग आणि बॉडीचा प्रकार असे दोन रकाने असतात. खरा कॅम्पर असेल तर तिथे ‘मोटर कॅराव्हॅन’ किंवा ‘कॅम्पर व्हॅन/ट्रेलर’ असं काहीतरी हवं. खासगी वापराच्या नोंदीत तसा उल्लेखही असतो. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. ही मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय संस्था आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. मानकाप्रमाणे मंजूर झालेलं बांधकाम असेल तर बॉडी बांधणाऱ्याकडे त्याचे कागद असतात. त्यांची प्रत मागा.

प्रत्यक्षात जुन्या बाजारातल्या बऱ्याच गाड्यांची आरसी ‘ओम्नीबस’ (प्रवासी गाडी) किंवा ‘मालवाहू’ असते आणि आत सुताराने घर केलेलं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांबद्दल आहे. उत्पादकाचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. अशा गाडीचं फिटनेस अडू शकतं, अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून तिचा भाव काढताना आतल्या कामाची किंमत शून्य धरायची आणि वर ते काढून मूळ सीट बसवण्याचा खर्च वजा करायचा. विकणाऱ्याला हे कडू लागतं, पण नंतर तो खर्च घेणाऱ्याच्याच अंगावर पडतो.

पांढरी पाटी की पिवळी, हेही इथेच बघा. भाड्याने फिरलेली गाडी ट्रान्सपोर्टमध्ये नोंदलेली असते. तिला आठ वर्षं वयापर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतं. खासगीत करायची तर एकरकमी कराचा फरक भरावा लागतो, म्हणून तो आकडा आरटीओत काढून आणल्याशिवाय भाव बोलू नका. दिल्लीची डिझेल गाडी स्वस्त दिसते. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे त्या बाहेर पडतात. मात्र एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा क्रमांक धरून बेरीज केली की बहुतेक वेळा स्वस्ताई संपते.

एमपरिवाहन ॲपवर क्रमांक टाकून फिटनेस, विमा, पीयूसी आणि एचपी (कर्जाचा बोजा) चढलेली आहे का ते बघा. ई-चलान वेगळं तपासा. एचपी असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय विसार द्यायचा नाही.

खालची गाडी

कॅम्पर विसरून जा आणि त्याच वर्षाच्या, त्याच व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) साध्या गाडीचा भाव काढा. ट्रॅव्हलरच्या बाबतीत ३०५०, ३३५० की ३७०० मिलिमीटर हा आकडा महत्त्वाचा, कारण भाव त्याच्यावर ठरतो. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि आसपासच्या निदान सहा जाहिराती घ्या. सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त काढून टाका, उरलेल्या चारची सरासरी काढा आणि तीतून दहा टक्के वजा करा. जाहिरातीतला आकडा सांगायचा असतो, द्यायचा वेगळा असतो. पुण्यात हे कुणाला शिकवायला नको.

१ एप्रिल २०२० नंतरची म्हणजे बीएस-६ गाडी असेल तर पुढच्या विक्रीलाही सोपी जाते. पण बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो. महिनोन्‌महिने उभी आणि मधेच थोडीशी चालवलेली गाडी तो चोंदवून ठेवते. कॅम्परचं आयुष्य नेमकं असंच जातं. म्हणून कमी किलोमीटर बघून भाळू नका. सहा वर्षांत अठरा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे टायर, रबरी होस, सील आणि बॅटरी या सगळ्यांचं वय सहा वर्षंच असतं. टायरच्या बाजूवर चार अंकी कोड असतो: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर, नक्षी नवी कोरी दिसली तरी, बदलायचेच धरा.

चालवून बघायला हायवे नको. दिवे घाट किंवा जुना कात्रज घाट घ्या, तेही पाण्याची टाकी भरून. रिकाम्या टाकीवर सगळ्याच गाड्या चढतात. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सोडून ब्रेक किती तापतात आणि गाडी कुठे ओढते ते कळतं. वळणावर कपाटांतून कुरकुर ऐकू आली, तर आतली चौकट गाडीला नीट बोल्ट केलेली नाही, नुसती स्क्रूवर आहे असं समजा.

पाणी

जुन्या कॅम्परची किंमत सर्वांत जास्त पाडणारी गोष्ट म्हणजे गळती. पुण्यात वापर ठरलेला: लोणावळा, ताम्हिणी, मुळशी, आणि तोही भर पावसात. छताला एसी, हवेची खिडकी, सोलरचे पाय यांच्यासाठी पाडलेलं प्रत्येक भोक ही पाणी शिरायची जागा. सीलंट उन्हाने कडक होऊन तडकतं, पाणी आत जातं, प्लायच्या थरांत पसरतं आणि डाग मात्र तीन फूट लांब उमटतो. म्हणून डागाच्या वरच शोधत बसू नका, उताराच्या दिशेने वर जा.

दोन पिनांचं ओलावा मोजायचं साधं यंत्र घ्या. खिडक्यांचे खालचे कोपरे, छत आणि भिंतीचा सांधा, चाकांच्या वरचा भाग, न्हाणीची चौकट आणि दाराचा उंबरा इथे टोचा. पंधरा टक्क्यांपर्यंत ठीक. पंधरा ते वीस म्हणजे सांधे उघडून बघावे लागतील. वीसच्या वर भाव पाडायचा, आणि तीसच्या आसपास अनेक ठिकाणी आकडा आला तर तो लाकडी सांगाडा कुजायला लागलेला आहे. ऐन जुलैत हवेमुळेच आकडे दोन-तीन टक्के वर दिसतात, म्हणून एकाच गाडीतल्या जागा एकमेकींशी ताडून बघा. सगळीकडे तेरा आणि एका कोपऱ्यात चोवीस असेल तर दोष त्या कोपऱ्यातच आहे.

उन्हाळ्यात बघत असाल तर साध्या पाइपने पाणी मारा, वॉशिंग सेंटरच्या जेटने नको. जेटचा दाब चांगल्या सीलमधूनही पाणी आत घालतो आणि वाद होतो. खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचं, प्रत्येक खिडकीला चार-पाच मिनिटं, छताला पंधरा मिनिटं. एक माणूस आत टॉर्च घेऊन. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर कुठून शिरलं ते कधीच कळणार नाही. नव्या पट्ट्या, ताजं पांढरं सिलिकॉन, एकाच भिंतीला नवा वॉलपेपर आणि आत कापराचा नाहीतर रूम फ्रेशनरचा दरवळ असेल, तर मालकालाही पाणी कुठे मुरतंय ते ठाऊक आहे.

प्लाय कोणता वापरलाय तेही बघा. ड्रॉवर काढून मागच्या बाजूचा शिक्का वाचा. आयएस ७१० म्हणजे मरीन, आयएस ३०३ मध्ये साधा एमआरही (फक्त ओलाव्याला थोडाफार टिकणारा) येतो. एमआर असेल तर कडा फुगलेल्या असतातच.

वजन

घराचं फर्निचर करणाऱ्या सुताराने गाडी केली की तो घरासारखाच प्लाय वापरतो. १८ मिलिमीटरची आठ बाय चारची एक शीट ३० ते ३५ किलो भरते. अशा दहा शीट म्हणजे तीनशे किलोच्या वर, शिवाय शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, बॅटऱ्या, एसी आणि माणसं. मार्केट यार्डाजवळ किंवा चाकणला वजनकाट्यावर गाडी चढवा: टाकी भरलेली, सिलिंडर जागेवर. पावतीवरचा आकडा आणि आरसीवरचं एकूण वजन यांत चार माणसं आणि सामानाला पुरेल एवढं अंतर हवं, म्हणजे निदान चारशे किलो. नसेल तर स्प्रिंगचे पाटे बसलेले दिसतील, मागचे टायर आतून झिजलेले असतील. पाटे वाढवून हे सुटत नाही, मंजूर वजन आरसीत आहे तेवढंच राहतं. मागच्या दोन चाकांवर वेगवेगळं वजन घेतलंत तर उत्तम. टाकी, बॅटरी आणि स्वयंपाकाचा ओटा सगळं एकाच बाजूला टाकलेल्या गाड्या कमी नाहीत.

वीज आणि गॅस

‘लिथियम टाकलंय’ एवढ्यावर पन्नास हजार वाढवू नका, जोखून घ्या. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १,२८० वॉट-अवर. पूर्ण चार्ज करून इन्व्हर्टरवर ५०० वॉटचा हॅलोजन लावला तर निदान दोन तास चालला पाहिजे. सव्वा तासात विझला तर तिची जवळपास निम्मी क्षमता गेलेली आहे. लिथियममध्ये नुसता व्होल्टेज बघून काही कळत नाही, तो शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो. लेड-ॲसिडमध्ये मात्र कळतं: रात्रभर विश्रांतीनंतर १२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी. तीन-चार वर्षांच्या लेड-ॲसिड बॅटरीची किंमत भंगाराची धरा.

वायरी उघडून बघा. १२ व्होल्टवर १,००० वॉटचा इन्व्हर्टर शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला २५ ते ३५ चौरस मिलिमीटरची जाड केबल आणि बॅटरीजवळ, वीतभराच्या आत फ्यूज हवा. तिथे घरगुती सहा चौरस मिलिमीटरची वायर दिसली तर पूर्ण वायरिंग नव्याने करायचं धरा. तपकीर गल्लीतून माल आणला तरी मजुरी जाणारच. एसी शोर पॉवरवर (बाहेरून जोडलेल्या विजेवर) चालतो की फक्त जनरेटरवर, हे चालवून बघा. व्हॅनिटी व्हॅनमध्ये जनरेटरचे तास मीटरवर असतात. गाडीच्या किलोमीटरपेक्षा तो आकडा महत्त्वाचा, कारण ती गाडी सेटवर उभीच राहून झिजलेली असते.

गॅस हवेपेक्षा जड असतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं आणि कप्पा आतून बंद हवा. नळीवर छापलेली मुदत वाचा, सांध्यांना साबणाचं पाणी लावा. सीएनजी ईको असेल तर टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, तिची पाटी मागा.

ओढायचा ट्रेलर

ट्रेलरला स्वतःची आरसी, स्वतःचा चेसिस क्रमांक आणि स्वतःचा विमा असतो. चेसिसवर ठोकलेला क्रमांक घासून वाचा आणि आरसीशी जुळवा. नोंदणी नसलेला, फॅब्रिकेटरकडून करून घेतलेला ट्रेलर कितीही देखणा असला तरी त्याला लोखंडाचा भाव. आतली गादी, पंखा, बॅटरी सुटं विकून जे येईल ते वर.

तपासायचं थोडंच असतं. चाक जॅकवर उचलून हलवा: खडखड झाली तर बेअरिंग. दहा-पंधरा किलोमीटर ओढून हबला हात लावा, एक हब दुसऱ्यापेक्षा गरम असेल तर ग्रीस संपलंय किंवा ब्रेक अडकतोय. कपलिंग (ट्रेलर गाडीला जोडायचा पुढचा भाग) कोणत्या मापाच्या गोळ्याचं आहे आणि तुमच्या गाडीच्या हुकच्या गोळ्यावर बसतं का ते बघा. मग सपाट जागी, कपलिंगखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनकाटा ठेवून पुढचं वजन घ्या. एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के पुढे हवं, म्हणजे साडेसातशे किलोच्या ट्रेलरला साधारण ४० ते ५० किलो. कमी असेल तर एक्सप्रेसवेवर वेग घेतल्यावर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. सामान पुढे सरकवून सुटलं तर ठीक, पण अॅक्सलच चुकीच्या जागी असेल तर ते चेसिसचं काम आहे.

आतल्या कामाची किंमत आणि एक हिशेब

सुतारकाम, गादी, इन्सुलेशन यांची मजुरी परत येत नाही. ते दुसऱ्या माणसाच्या उंचीला आणि सवयीला केलेलं असतं. चार वर्षांनी मूळ बिलाच्या पंचवीस टक्के धरले तर उदारपणा झाला. चालू लिथियम बॅटरी आणि सोलर पन्नास टक्के, एसी-फ्रिज तीस, बाकी शौचालय, पंप, ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छप्पर) पंधरा. हे आमचे अंदाजाचे आकडे आहेत, पण यांवर सुरू केलेलं बोलणं भरकटत नाही.

एक काल्पनिक उदाहरण. २०१९ ची ट्रॅव्हलर, आरसीवर मोटर कॅराव्हॅन. साध्या गाड्यांच्या सहा जाहिराती: ७.४, ८.६, ९, ९.२, ९.६ आणि ११.५ लाख. टोकाच्या दोन काढून सरासरी ९.१, दहा टक्के वजा जाता ८.२ लाख. आतलं काम चार वर्षांपूर्वी साडेसहा लाखांचं: सुतारकाम-गादी ३.५, वीज १.६, एसी-फ्रिज ०.८, बाकी ०.६. वरच्या टक्क्यांनी ते येतं ०.८७, ०.८०, ०.२४ आणि ०.०९, म्हणजे दोन लाख. बेरीज १०.२. आता वजाबाकी: टायर साठ हजार, छताचं सीलिंग आणि एक पॅनेल पंचेचाळीस हजार, संपलेला विमा पस्तीस हजार. एकूण १.४ लाख. राहिले ८.८ लाख. विकणाऱ्याने साडेनऊ सांगावेत, घेणाऱ्याने आठपासून सुरुवात करावी, दोघं पावणेनऊच्या आसपास भेटतील. हीच गाडी आरसीवर ओम्नीबस असती, तर आतले दोन लाख गेले आणि सीट परत बसवायचा खर्चही वजा झाला. म्हणजे पावणेसातच्या पुढे जाऊ नये.

विमा पॉलिसीवरचा आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) दाखवून भाव मागणारे भेटतात. त्याचं कोष्टक पाच वर्षांपर्यंतचं असतं (चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास टक्के घसारा), पुढे तो कंपनी आणि ग्राहक आपसांत ठरवतात. तो विम्याचा आकडा आहे, बाजाराचा नाही. आतलं काम पॉलिसीत जाहीर केलेलं आहे का, एवढंच त्यावरून बघायचं.

विकत असाल तर

पावसाळा संपला की छत सील करून घ्या आणि दिवाळीच्या आधी जाहिरात टाका. ऑक्टोबर ते जानेवारी हाच गिऱ्हाइकांचा काळ. मे-जूनमध्ये विकणारा बहुधा पार्किंगला कंटाळलेला असतो. सोसायटी उभी करू देत नाही, तळघराची कमान सव्वादोन मीटरची आणि गाडी अडीचच्या पुढे. घेणाऱ्याने तेव्हाच फिरावं.

नवी गादी, टीव्ही, रंग यांवर घातलेला पैसा सुटत नाही. सर्व्हिसिंग, ताजी पीयूसी, चालू विमा आणि एचएसआरपी पाटी यांचा सुटतो. जाहिरातीत आरसीचा बॉडी-प्रकाराचा रकाना, वजनकाट्याची पावती, गाडीच्या पोटाखालचा आणि छताचा फोटो टाका. सूर्यास्ताच्या फोटोपेक्षा त्यांनीच गिऱ्हाईक मुंबईहून गाडी काढून येतं. ईकोतला सुटा बेड-किट असेल तर काढून वेगळा विका, दोन्हींचे मिळून जास्त येतात.

पैसे आणि कागद

दोन लाख किंवा जास्त रोख घेऊ नका, आयकर कायद्यात मनाई आहे. विकणारी जीएसटी-नोंदणीकृत कंपनी असेल तर २५ जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण तो फक्त नफ्याच्या फरकावर. घसारा घेतला असेल तर विक्रीची रक्कम वजा वहीतली किंमत हा तो फरक. नोंदणी नसलेल्या खासगी मालकाला हा प्रश्न येत नाही, त्यामुळे ‘जीएसटी वेगळा’ म्हणणाऱ्या खासगी विक्रेत्याला बिल मागा.

टीटीओ (मालकी बदल) सेट म्हणजे फॉर्म २९ आणि ३०. एमएच-१२ ची गाडी एमएच-१४ च्या हद्दीत जाणार असेल तर आरटीओत लागणारी एनओसी आधी विचारून घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. हे काम एजंटवर सोडून विसरू नका: नाव बदललं नाही तोवर अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलेलं आहे. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेसोबत वेळही लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीसोबत जात नाही. विकणाऱ्याने विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्यावं. आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर नव्या मालकाच्या महाबळेश्वर सहलीचा खेड-शिवापूर टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.